गादीवर न पडलेला माणूस

आमच्या घरी जेवणात कापूस असायचा. भाकरीवर, डाळीत, पाण्याच्या गडव्यात एक बारीक पांढरी लव तरंगत असायची आणि ती बोटाने बाजूला सारून आम्ही जेवायचो. नवा कापूस असता तर काही वाटलं नसतं. पण आमचं काम जुन्या गाद्यांचं. अमरावतीत कोणाची गादी बसकी झाली की तो ती अब्बांकडे आणून टाकायचा, आणि त्या गादीवर दहा-पंधरा वर्षं जे काही झालेलं असायचं ते सगळं आमच्या ओसरीत उघडं पडायचं. लेकरांचं मूत, म्हाताऱ्यांची थुंकी, डोक्याचं तेल, बाळंतिणीचे डाग. खोळ उसवायचं काम माझं. गाठी वेगळ्या करायच्या, केस वेचायचे, ढेकणं मारायची. मेलेल्या माणसाची गादी असली तर आणणारा सांगत नसे, पण मला वासावरून कळायचं. मग तोच कापूस ओसरीत पसरून आम्ही काठ्यांनी झोडपायचो, अब्बा तो पिंजणीवर घ्यायचे, आणि दुपारपर्यंत आमचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. दुपारी त्याच हातांनी भाकरी. माझ्या मुलींना हे सांगितलं की त्या तोंड वाकडं करतात. करू देत. मी तेव्हाही करायची.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, म्हणून हे मराठीत लिहिता येतं. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, गल्लीत वऱ्हाडी, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच वाक्यात. इथे सगळ्यांना वऱ्हाडीत बोलू देते, म्हणजे वाचणाऱ्याला त्रास नाही. सांगायचं आहे ते एवढंच की माझं लग्न कोणाशी व्हायचं हे एका बॉक्सिंगच्या सामन्यावर ठरलं. माझ्या मुलींना हे माहीत नाही. त्यांना वाटतं नात्यातलं स्थळ होतं म्हणून झालं.

अब्बांना कापसाशिवाय दुसरं काही कळत नव्हतं, आणि कापूस मात्र इतका कळायचा की त्यांना वाटायचं त्यातूनच सगळं कळतं. पिंजण म्हणजे माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य. त्याला जनावराच्या आतड्याची तात ताणलेली असते. तातेवर लाकडी मुठीने ठोका मारला की ती थरथरते आणि कापूस फुलून वर उडतो. दिवसभर तो आवाज असायचा, टंग टंग झंऽ, टंग टंग झंऽ, आणि त्या आवाजावर अब्बा बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की चांगला कापूस ओळखायचा तर त्याला मारून पाहायचं. जितका मारावा तितका जो फुलतो तो चांगला. माणसालाही ते तसंच जोखत. गल्लीतलं पोर पडलं आणि रडलं नाही तर अब्बा म्हणायचे, रुई चांगली आहे. रडलं तर म्हणायचे, सरकी आहे नुसती. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी मारलं ते रागाने नाही. फुलतो का ते पाहायला मारलं.

माझा भाऊ हमीद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. उंच, हाडकुळा, लांब हातांचा. आमच्या मोहल्ल्यापासून जवळच एक आखाडा होता, तिथे काळे मास्तर म्हणून एक शाळामास्तर संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. बाकीची पोरं कुस्तीत, हे चार-पाच जण कोपऱ्यात हातमोजे घालून. मास्तर एकच गोष्ट शिकवायचे, की समोरच्याचा हात तुम्हाला लागला नाही पाहिजे. त्यासाठी पाय. हमीद घरी कापूस झोडपताना पाय हलवत राहायचा, पिंजणीच्या ठोक्यावर पुढे दोन, मागे एक, बाजूला एक. मी ओसरीच्या भिंतीवर कोळशाने वाटोळं काढायची आणि तो त्याच्यापासून एक बोट अंतरावर मूठ थांबवायचा. शंभरदा थांबवली तरी भिंतीला बोट लागायचं नाही. मग मी म्हणायची तेव्हा मारायचा, नेमका वाटोळ्याच्या मध्ये. एवढं नेमकं काम मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्या माणसाला करताना पाहिलेलं नाही, शिवणकामातसुद्धा नाही.

अब्बांना त्याची किळस यायची. हाच शब्द बरोबर आहे. एकदा ते आखाड्यात सामना पाहायला गेले. हमीद जिंकला आणि त्याला एकही मुक्का लागला नाही. घरी येऊन अब्बांनी पाणीही मागितलं नाही.

"काहून, जिंकला ना पोट्टा?" अम्मा म्हणाली.

"जिंकला म्हणते मास्तर. मले तं दिसला नाई. नुसता पळत होता. लग्नातल्या बँडवाल्यावानी उड्या मारे."

"लागलं नाई ना त्याले?"

"लागाले उभा तं राह्यला पाहिजे," अब्बा म्हणाले.

हमीद आतल्या खोलीत सगळं ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता, आणि त्या घरात तीच त्याची लाज झाली होती.

याकूब अब्बांच्या आतेबहिणीचा मुलगा. अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल होता, रुईच्या गाठी पाठीवर उचलायचा. मी त्याला पहिल्यांदा बाळापूरला एका लग्नात पाहिलं. आम्ही बायका वरच्या माळवदावर होतो आणि खाली अंगणात पुरुषांच्या पंगतीनंतर हा उघडा होऊन उभा होता. ठेंगणा, मान अशी नाहीच, खांद्यांतूनच डोकं निघालेलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता, "मार ना बे. पोटात मार. जोरात मार." माणसं हसत हसत मारत होती. एका जाड्या पाव्हण्याने धावत येऊन मारलं. याकूबने ढेकर दिला, सगळे हसले. मग कोणी तरी त्याच्या कपाळावर कच्ची सुपारी ठेवून ताटाखालच्या लाकडी अडणीने फोडली. कपाळातून रक्ताची धार नाकापर्यंत आली, ती त्याने जिभेने चाटली आणि म्हणाला, "अजून आण." अब्बा तिथेच उभे होते. चांगली रुई हाताला लागली की जसे दिसायचे तसे दिसत होते.

मी तिथेच अम्माला म्हटलं, "हा माणूस मार मागते. मार मागणारा घरी जाऊन देतेही."

अम्मा म्हणाली, "चूप बस. त्याचंच बोलणं चालू आहे तुह्यासाठी."

दुसरं एक स्थळ होतं अचलपूरचं. त्या मुलाचं शिलाईचं दुकान होतं. डोळ्याला चश्मा. तो त्याच्या आईबरोबर आमच्याकडे आला तेव्हा मी ओसरीत गादीला टाके घालत होते. त्याने खाली बसून टाका पाहिला आणि म्हणाला, "दोरा दुहेरी घेत जा, टाका तुटत नाई." दुसरं काही बोलला नाही. मला तो आवडला की नाही हे आता सांगता येणार नाही. त्याने काम पाहिलं, तोंड पाहिलं नाही, एवढं लक्षात राहिलं. अम्माला तेच स्थळ हवं होतं. अब्बा म्हणाले, त्याला फुंकर मारली तर चश्मा एकीकडे जाईल आणि तो एकीकडे.

त्याच सुमारास काळे मास्तर घरी आले. हंगाम संपताना अकोल्याच्या जिनिंगमध्ये हमालांसाठी सामने ठेवायचे, त्यात अमरावतीची तीन पोरं जाणार होती. हमीदची जोड याकूबशी लागली होती. मास्तरांचं अब्बांकडे दुसरंही काम होतं. जिनिंगच्या आवारात फळ्यांचा ओटा बांधून रिंग करणार होते, त्यावर ताडपत्रीखाली अंथरायला गाद्या हव्या होत्या. अब्बांनी दोन्ही ऐकून घेतलं. मास्तर गेल्यावर त्यांनी मुठीने तातेवर दोन ठोके मारले आणि अम्माला सांगितलं, "आता बोलणं बंद. अकोल्यात पाहू. याकूब उभा राह्यला तं याकूब. पडला तं तुहा अचलपूरवाला. मंजूर हाय?"

अम्मा म्हणाली, "आपला हमीद जिंकला तं?"

"जिंकण्याचं नाई इचारत मी. पडण्याचं इचारतो."

मुलीला पाहायला येतात तसे आम्ही मुलाला पाहायला निघालो होतो. फरक एवढाच की मुलीला चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव म्हणतात, आणि याकूबला मार खाऊन दाखवायचा होता.

मी हमीदला ओसरीत गाठलं. तो काठीने कापूस झोडपत होता, मी समोरून गाठी फोडत होते.

"भाई, तू त्याले पाडशील ना?"

"पाडणं माह्या हातात नाई, जैबू. मी दहा देतो, तो एक देते. पाइंटावर जिंकतो मी."

"मले पाइंट काय करायचे? अब्बा काय म्हणले ते ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"मंग पाड त्याले."

झोडपता झोडपता तो म्हणाला, "पाडाचं म्हणलं तं जवळ उभं राहा लागते. मास्तरनं शिकवलं त्याच्या उलटं करा लागते."

"तं कर ना."

"करतो," तो म्हणाला.

मी सोळा वर्षांची होते. मी भावाला एका माणसाचं डोकं फोडायला सांगितलं आणि तो हो म्हणाला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

रिंगच्या गाद्या आम्ही आठवडाभर केल्या. साठवलेला सगळा जुना कापूस त्यात गेला, अमरावतीतल्या किती घरांची अंथरुणं त्यात होती कोण जाणे. अब्बांनी कधी मन लावलं नाही इतकं मन लावून तो पिंजला, तीनदा. चार बोटं जाड गादी. मला सांगितलं टाके लांब लांब घाल, म्हणजे दबणार नाही, फुगलेली राहील. अकोल्यात जाऊन फळ्यांवर अंथरलं तेव्हा काळे मास्तर जोडे काढून वर चढले. त्यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"करीमभाई, हे झोपाले केलं का लढाले?"

"पडणाऱ्याले लागू नये म्हणून केलं," अब्बा अभिमानाने म्हणाले.

"पडणाऱ्याचं जाऊ द्या हो. हलणाऱ्यानं काय करावं? माह्या पोराचे पाय फसतील याच्यात."

"मंग उभं राहाव एका जागी. मर्दानं."

मास्तर माझ्याकडे पाहू लागले, जणू मी काही करू शकत होते. ताडपत्री शिवायला दाभण हातात घेऊन मी बसले होते. मला तेव्हा कळलं की आम्ही काय केलं आहे. चांगली गादी कशी असते एवढंच आम्हा पिंजाऱ्यांना माहीत होतं, आणि आम्ही चांगली गादी केली होती. ती उसवून पुन्हा घट्ट करायला दोन दिवस लागले असते. सामना त्याच दुपारी होता. मी चार कडांना आणि मध्ये काही ठिकाणी दाट टाके घातले, हाताला फोड येईपर्यंत घातले, पण ते वरवरचं.

दोघांचं वजन कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर केलं. त्या काट्याला पाच-सात किलो म्हणजे काहीच नाही, त्यामुळे दोघे सारखे भरले. मुली-बायकांनी तिथे थांबायचं नव्हतं. पण ताडपत्री फाटली तर शिवायला कोणी तरी हवं म्हणून अम्माला आणि मला उरलेल्या गाद्यांच्या ढिगावर, ओट्यालाच लागून, बुरखा घालून बसवलं. सगळ्यांत चांगली जागा आमचीच होती. हमाल आवारभर होते. काही गाठींवर चढलेले, काही शेडच्या पत्र्यावर. ऊन असं की सरकीच्या ढिगाचा तेलकट वास डोक्यात जात होता. रेफरी म्हणून एक पोलीस हवालदार होता.

पहिल्या राउंडमध्ये हमीद सुंदर खेळला. हे मी बहीण म्हणून नाही सांगत. याकूब मुंडी खाली घालून बैलासारखा चालून यायचा, हमीद तिथे नसायचा. नसतानाच त्याचा डावा हात याकूबच्या तोंडावर तीनदा वाजून परत गेलेला असायचा. सुक्या चामड्यावर चापट मारल्यासारखा आवाज. याकूबचा ओठ फुटला. तो हसला. आवारातले लोक चिडायला लागले, याकूबवर नाही, हमीदवर.

"नाचते काय बे! उभा राय ना!"

"लुगडं द्या रे याले कोणी."

"ओ अमरावती, अकोल्याले लढाले आला का गरबा खेळाले?"

पाहणाऱ्यांमध्ये मी तेव्हा जी गोष्ट पाहिली ती आजही पाहते, टीव्हीवर मारामारी लागली की शेजाऱ्यांच्या तोंडांवर. जो मार चुकवतो त्याचा लोकांना राग येतो. आपण आयुष्यभर खाल्ला तर यानेच का चुकवावा, असं काहीसं असावं. मला त्या तोंडांची शिसारी आली. पान खाल्लेली, उघडी, ओली तोंडं.

दुसऱ्या राउंडला गादीने काम सुरू केलं. हमीदचा पाय रुतायचा, उचलायला वेळ लागायचा, पोटऱ्या थरथरायला लागल्या. याकूबला काही फरक नव्हता, तो हमाल, चिखलात गाठ घेऊन चालायची सवय. गादी त्यांच्या घामाने आणि उन्हाने तापली आणि तिच्यातून तो वास वर यायला लागला, जो मी आठवडाभर झोडपून काढला असं समजत होते. जुन्या अंथरुणांचा. पुढे बसलेल्या माणसांनी नाकाला फडकी लावली. याकूबचा एक मुक्का हमीदला बरगडीत बसला आणि माझ्या भावाच्या तोंडातून असा आवाज आला जो मी कधी ऐकला नव्हता. आवारभर शिट्ट्या. माझे अब्बाही उठून उभे राहिले. त्यांचा मुलगा मार खात होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं होतं.

दुसऱ्या राउंडनंतर हमीद आमच्या बाजूच्या कोपऱ्यात बसला. मास्तर त्याच्या कानात बोलत होते. "दोन्ही राउंड तुहे आहेत. आता फक्त हात लावत राय, जवळ नको जाऊ. जिंकला तू." हमीदने बादलीत थुंकलं, लाल. मग त्याने आमच्या ढिगाकडे पाहिलं. बुरख्यातून मी त्याला दिसत नव्हते, पण कुठे बसले आहे ते माहीत होतं. मी काही केलं नाही. मान हलवून नको म्हणू शकले असते. तसं मनात आलंच नाही. माझ्या मनात एकच होतं, पाड.

तिसऱ्या आणि शेवटच्या राउंडमध्ये तो जवळ गेला. पाय टेकवून उभा राहिला आणि मारायला लागला. नेमका तो आधीपासून होताच, आता त्याने अंतर ठेवणं सोडलं. भिंतीवरच्या वाटोळ्यात मारायचा तसं एकाच जागी, डाव्या भुवईच्या वर, बाळापूरला सुपारी फोडली होती तिथेच. पुन्हा पुन्हा. याकूबचं डोकं मागे जायचं, पुढे यायचं. हात खाली आले होते त्याचे. तो लढत नव्हताच, नुसता तिथे होता. मी किती मोजले मला आठवत नाही. आधी मी प्रत्येक मुक्क्याला आतून हं म्हणत होते. मग म्हणणं बंद झालं. रक्त उडून ताडपत्रीच्या माझ्या टाक्यांवर पडलं. अम्मा पुटपुटायला लागली, "बस कर रे, बस कर." आणि मग याकूबचा गुडघा वाकला. एक गुडघा आणि एक हात गादीवर टेकला. माझ्यापासून वीतभर.

हवालदार मोजायला लागला. वन. टू. थ्री. मला याकूबचं तोंड बुरख्याच्या जाळीतून दिसत होतं. एक डोळा बंद, दुसऱ्याला काही दिसत नव्हतं. फोर. फाइव्ह. तोंडातून लाळ आणि रक्ताची तार लोंबत होती आणि ती गादीला टेकली होती. सिक्स. तो कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सेव्हन. फक्त एक गोष्ट त्याच्या अंगाला माहीत होती. एट म्हणताना त्याने हात दाबला, आमची तीनदा पिंजलेली गादी खालून फुगून त्याला वर ढकलायला लागली, आणि तो उभा राहिला.

आवार फुटेल असा आरडाओरडा झाला. हमीदने अजून दोन मुक्के मारले. दुसरा कपाळाच्या हाडावर बसला आणि कडकन आवाज आला. लोकांना वाटलं याकूबचं डोकं. तो हमीदचा हात होता.

पाइंटावर हमीद जिंकला. हवालदाराने त्याचा हात वर केला तेव्हा तो ओरडला, कारण हात तोच होता. कोणी टाळी वाजवली नाही. याकूबला खांद्यावर घेऊन हमाल आवारभर फिरले. त्याला खाली उतरवलं तेव्हा अब्बा गर्दीतून पुढे गेले, स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं, आणि आमच्याकडे येऊन अम्माला म्हणाले, "पाह्यलं?"

संध्याकाळी याकूबच्या घरी जेवण होतं. हमीद आमच्याबरोबर आला, हात फडक्यात बांधलेला, फुगून भाकरीएवढा. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी आणि अम्मा चुलीपाशी, पडद्याआड. मटणाचा रस्सा लालभडक होता आणि याकूब मध्ये बसून खात होता. तोंड सुजलेलं, दात हललेले, प्रत्येक घासाबरोबर ओठातून रक्त ताटात गळत होतं, आणि तो भाकरीच्या तुकड्याने रस्सा आणि रक्त एकत्र टिपून खात होता. तक्रार नाही. अब्बा समोर बसून पाहत होते. पाहताना स्वतः जेवायचं विसरले होते. त्याच ताटावर त्यांनी जबान दिली.

हमीद उठला आणि बाहेर जाऊन ओकला. अम्माही मग बाहेर गेली. परत येऊन तिने एवढंच म्हटलं, "मी काई बोलली नाई असं म्हणू नको पुढे. मी बोलली. ऐकलं नाई तुह्या अब्बानं."

हमीदचा हात वाकडाच जुळला. त्याला पिंजणीची मूठ पुन्हा धरता आली नाही, बॉक्सिंगचं तर नावच नको. पुढे तो परतवाड्याला भाजीची गाडी लावायचा आणि डाव्या हाताने तोलायचा. मेला त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाच बोललो. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "तुहं काय चुकलं? मलेच पाहाचं होतं पडते का तो." त्याने मला सोडवायला म्हटलं असेल, किंवा खरंच असेल. मला ठरवता येत नाही.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. याकूबने चाळीस वर्षं गाठी उचलल्या, मुली वाढवल्या, उपाशी ठेवलं नाही. दोनदा मला मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी दाभण पुढे धरलं आणि तो जागच्या जागी थांबला. म्हणजे थांबता येत होतं त्याला. अकोल्यात अजून जुने लोक मला भेटतात आणि सांगतात, चाचा काय माणूस होता, कधी पडला नाही. मला वाटतं, यांना घरी आणून आठवडाभर ठेवावं.

साठीनंतर त्याचे हात कापायला लागले. मग नावं जायला लागली, मग रस्ते, मग लुंगी कुठे सोडायची तेही. डॉक्टरने मेंदूचा फोटो पाहून विचारलं, डोक्याला कधी मार लागला होता का. मी हसले. डॉक्टरला वाटलं बाई वेडी आहे. एक गोष्ट अब्बांना माहीत होती आणि ती त्यांनी माणसाला कधी लावली नाही. पुन्हा पुन्हा पिंजलेला कापूस एका वेळेनंतर फुलत नाही. त्याचा धागा तुटतो, नुसती भुकटी होते. असा कापूस कोणी आणला तर अब्बा हात लावून परत करायचे, म्हणायचे, मेला हा, घेऊन जा. मला जो दिला तो मी कोणाला परत करणार होते? आणि त्यातले निम्मे ठोके मीच मागून घेतलेले. हे मला कोणी म्हणत नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

आता तो रोज पडतो. सपाट फरशीवर, काही कारण नसताना. पलंगाशेजारी मी एक गादी करून अंथरली आहे, पातळ, टाके दाट. तो त्यावर पडतो, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंडातून लाळ, आणि एका हाताने खाली दाबत राहतो. ही गादी फुगत नाही. मला सून नाही, मुली सासरी, उचलायला मीच. मी शेजारी उभी राहते आणि मोजते. मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. आठला तो अजूनही जोर करतो. मी नऊ म्हणते, दहा म्हणते. मग खाली वाकून त्याच्या काखेत हात घालते.